सातवा सामना हरल्यावर नातवाशी काय बोलायचं, आणि शुक्रवारपासून काय बघायचं

नाशिकच्या एका काकूंचा प्रश्न आलाय. त्यांचा मुलगा, सून आणि अकरा वर्षांचा नातू सिॲटलला असतात. यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी तिथे फोन लावला तर घरात सुतकासारखी शांतता. सिॲटल मरिनर्स हा बेसबॉलचा संघ टोरोंटोकडून हरला होता. नातू दोन दिवस नीट बोललेला नाही आणि 'वर्ल्ड सिरीज बघणारच नाही' म्हणतोय. काकू स्वतः क्रिकेट आवडीने बघतात. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: अंतिम फेरीच्या आधीच्या पराभवाचं एवढं दुःख का? हातातला सामना गेला कसा? आणि आता अंतिम मालिका नातवाबरोबर फोनवरून बघायची, तर लक्ष कशावर ठेवायचं?

काकू, मी 1998 पासून सिॲटलजवळ राहतो आणि एकोणीस वर्षं मुलांना बेसबॉल शिकवतोय. सोमवारी, 20 ऑक्टोबर 2025 ला, आमच्याकडेही पूजा होती. पूजेची तयारी एका खोलीत, सामना दुसऱ्या खोलीत. तुमच्या घरात काय झालं असेल, हे मला न सांगता कळतं.

आधी दुःखाबद्दल. अमेरिकेच्या मुख्य लीगमध्ये 30 संघ आहेत. त्यातल्या 29 संघांनी कधी ना कधी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, खेळली आहे. एकच संघ राहिलाय, तो मरिनर्स. 1977 मध्ये स्थापना झाली, हा त्यांचा 49 वा मोसम होता. जिंकणं सोडा, त्या मैदानावर उभं राहण्याचा मानही एकदाही मिळालेला नाही. म्हणून सोमवारचा सामना आमच्यासाठी उपांत्य फेरीचा नव्हताच. एका शहराने पन्नास वर्षं जे दार ठोठावलं, ते त्या रात्री उघडणार होतं.

जवळ जाऊन परतण्याची आम्हाला सवय आहे असं कोणी म्हणेल, पण अशी सवय होत नसते. 1995 मध्ये याच संघाने न्यूयॉर्कच्या यांकीज संघाला हरवलं. पाचव्या सामन्यात, अकराव्या इनिंगला (दोन्ही संघ एकेकदा बॅटिंग करतात ती एक इनिंग, सामना एरवी नऊ इनिंगचा) एडगर मार्टिनेझच्या फटक्यावर केन ग्रिफी ज्युनियर पहिल्या बेसवरून धावत थेट घरी, म्हणजे बेसचा फेरा पूर्ण होऊन धाव मिळते तिथे, आला. ती धाव सिॲटलमधली जुनी माणसं आजही डोळ्यांत पाणी आणून सांगतात. बेसबॉल शहरात टिकलं ते त्या मोसमामुळे. पण पुढच्या फेरीत क्लीव्हलँडने हरवलं. 2000 मध्ये यांकीजनी हरवलं. 2001 मध्ये तर संघाने 116 सामने जिंकले, 1906 च्या शिकागो कब्जच्या विक्रमाची बरोबरी. जपानहून आलेल्या इचिरोचं ते पहिलंच वर्ष. मी तेव्हा मोठ्या आशेने स्टेडियमवर जात होतो, आणि यांकीजनी पाच सामन्यांत मालिका संपवली. त्यानंतर 2022 पर्यंत संघ प्लेऑफमध्येच, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांतच, पोहोचला नाही. एकवीस वर्षं. तुमचा मुलगा त्याच कोरड्या वर्षांत इकडे आला असेल, तर त्याने कुठलंही यश न बघता या संघावर जीव लावलाय. ती निष्ठा साधी नाही.

आणि यंदाचा मोसम वेगळा होता. कॅल रॅली हा आमचा कॅचर, म्हणजे तुमच्या भाषेत विकेटकीपर, त्याने 60 होमरन, म्हणजे तुमचे षटकार, मारले. तीन-तीन तास उकिडवं बसून, अंगावर चेंडू झेलून, वर हे. आजवर कुठल्याही कॅचरने मोसमात 48 च्या पुढे मजल मारली नव्हती. ग्रिफीचा संघातला 56 चा विक्रमही त्याने मागे टाकला. 2001 नंतर पहिल्यांदा गट जिंकला. मग डेट्रॉइटविरुद्धचा पाचवा सामना 15 इनिंग चालला आणि होर्हे पोलान्कोच्या फटक्यावर 3-2 असा जिंकला. त्या रात्री आमच्या गल्लीत लोक बाहेर येऊन एकमेकांना मिठ्या मारत होते.

तुम्हाला 19 नोव्हेंबर 2023 चं अहमदाबाद आठवत असेल. सलग दहा सामने जिंकून आलेला भारत एका संध्याकाळी हरला. तो घाव एका दिवसाचा होता. बेसबॉलचा घाव असा येत नाही. सात सामन्यांची मालिका माणसाला रोज थोडं वर नेते, थोडं खाली आणते. आम्ही टोरोंटोत जाऊन पहिले दोन्ही जिंकले. मग स्वतःच्या मैदानावर 13-4 आणि 8-2 असे दोन सपाटून हरलो. शुक्रवारी पाचव्या सामन्यात आठव्या इनिंगला युहेनियो सुआरेझने तिन्ही बेसवर माणसं असताना होमरन मारला, 6-2. आता दोनपैकी एकच हवा होता. रविवारी तो मिळाला नाही. एवढ्या चढउतारानंतर अकरा वर्षांच्या मुलाकडून शाळेत हसतमुख जाण्याची अपेक्षा करणं मला पटत नाही.

आता सामना गेला कसा. इथे मी जरा वेळ घेणार, कारण तुमच्या नातवाच्या डोक्यात हाच प्रश्न फिरत असणार. मंगळवारी सरावाला आलेल्या माझ्याकडच्या मुलांनी बूट बांधायच्या आधी हेच विचारलं: मुन्योझला, म्हणजे आमच्या सर्वांत जोरदार पिचरला (गोलंदाजाला), का नाही आणलं?

सहा इनिंग संपल्या तेव्हा आम्ही 3-1 ने पुढे होतो. हुलिओ रॉड्रिगेझ आणि रॅलीने होमरन मारले होते. जॉर्ज कर्बीने चार इनिंग टाकल्या, मग ब्रायन वू आला. वू एरवी सुरुवात करणारा पिचर, मोसमभर आमचा सर्वांत भरवशाचा, पण दुखापतीतून नुकताच परतलेला. त्याने दोन इनिंग स्वच्छ टाकल्या. सातवीत त्याने पहिल्याच फलंदाजाला चार वाइड चेंडूंवर बेस दिला, दुसऱ्याने सिंगल मारला, तिसऱ्याने बंट करून, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच थोपवून, दोघांना पुढे सरकवलं. एक आउट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर माणसं. अंतिम मालिका आठ आउट लांब. मॅनेजर डॅन विल्सनने वूला काढून एदुआर्दो बाझार्दोला आणलं. समोर जॉर्ज स्प्रिंगर. त्याने चेंडू डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत मारला. 4-3. त्यानंतर आमची एकही धाव झाली नाही.

क्रिकेटमध्ये कर्णधार बुमराहची षटकं शेवटासाठी राखतो, तसं बेसबॉलमध्ये सर्वांत जोरदार पिचर नवव्या इनिंगसाठी राखायची रीत आहे. आमच्याकडे तो आंद्रेस मुन्योझ. बाझार्दोचा चेंडू शेवटी खाली बुडतो, फलंदाज तो जमिनीवर मारतो, झेलायला सोपा जातो. विल्सनचा विचार तिथून आला असणार. मूर्खपणा नव्हता तो. पण मी असतो तर मुन्योझला तेव्हाच आणलं असतं. तिसऱ्या बेसवर माणूस असताना जमिनीवरचा साधा चेंडूही धाव देऊन जातो. तिथे स्ट्राइकआउटच हवा, म्हणजे चेंडू मैदानात जाऊच न देता फलंदाज बाद, आणि स्ट्राइकआउट काढण्यात मुन्योझचा हात धरणारा आमच्याकडे दुसरा नाही. सामन्यातला सर्वांत मोठा क्षण नवव्या इनिंगची वाट बघत नाही. सोमवारी तो सातवीत आला. टोरोंटोने ते ओळखलं होतं: त्यांनी सातवीत केव्हिन गॉसमन आणि आठवीत ख्रिस बॅसिट असे एरवी सामना सुरू करणारे पिचर उभे केले. मुन्योझ आला तो आठवीत, स्प्रिंगरचा चेंडू प्रेक्षकांत पडून गेल्यावर.

तरीही सगळा दोष त्या एका निर्णयावर टाकणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि नातवालाही तसं सांगा. रविवारी सहाव्या सामन्यात आम्ही सलग तीन इनिंगमध्ये डबल प्ले दिले, म्हणजे एकाच चेंडूवर दोन-दोन आउट. दोनदा तर तिन्ही बेस भरलेले होते. मालिका तिथे निसटली. शिवाय सातव्या सामन्यात पाचव्या इनिंगनंतर फलंदाजांनी काहीच केलं नाही, तेव्हा एका पिचरच्या डोक्यावर सगळं ओझं कसं ठेवायचं? विल्सनबद्दलचा राग मला समजतो, पण 1995 च्या त्या संघाचा कॅचर हाच होता. या शहराला काय हवंय, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

एक गोष्ट मला बोलायलाच हवी. पाचव्या सामन्यात वूचा चेंडू स्प्रिंगरच्या गुडघ्यावर बसला. तो लंगडत बाहेर जात असताना आमच्या स्टेडियममधल्या काही जणांनी हुर्यो केली. 2017 च्या ह्यूस्टन संघात तो होता, प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा चोरून आपल्या फलंदाजाला पुढचा चेंडू कळवण्याचं ते प्रकरण लोक विसरलेले नाहीत, हे खरं. तरी जखमी माणसाला हुर्यो करणं मला फार लागलं. तीन दिवसांनी त्याच गुडघ्यावर उभं राहून त्याने आमचा मोसम संपवला. माझ्या संघातल्या मुलांना मी मंगळवारी मुन्योझच्या आधी हेच बोललो.

आता चाहत्यांचं काय चाललंय ते. सिॲटलमध्ये सध्या तीन आवाज ऐकू येतात. काही चिडलेत. काहींना पुढची काळजी लागलीय: जुलैमध्ये आणलेले जॉश नेलर आणि सुआरेझ दोघांचे करार आता संपतात, ते राहतील का? आणि बरेच जण नुसते गप्प आहेत, टोपी घालून कामावर जातात आणि समोरून तशीच टोपी घातलेला माणूस आला की मान हलवतात. तुमच्या मुलाची शांतता या तिसऱ्या जातीची वाटते. तिच्यात काही बिघडलेलं नाही.

टोरोंटोकडून हरणं जास्त बोचतं, त्याला इथलं एक कारण आहे. कॅनडाची सीमा सिॲटलहून गाडीने दोन-अडीच तासांवर आहे. दर उन्हाळ्यात टोरोंटोचा संघ, ब्लू जेज, इथे आला की व्हँकुव्हरकडून लोक लोटतात आणि आमचं स्टेडियम निळं होतं, आमच्याच घरात आम्ही पाहुणे. 2022 मध्ये त्यांच्या मैदानावर 8-1 ने मागे असताना आम्ही 10-9 ने सामना फिरवला आणि त्यांना बाहेर काढलं, तेव्हा त्या सगळ्या उन्हाळ्यांची भरपाई झाली होती. टोरोंटोवाल्यांनी ती रात्र तीन वर्षं उरात जपली असणार. सोमवारचा त्यांचा जल्लोष मी बंद आवाजात पाहिला, पण पाहिला. 1993 मध्ये जो कार्टरने होमरन मारून त्यांना सलग दुसरं विजेतेपद दिलं, त्यानंतर 32 वर्षांनी ते अंतिम मालिकेत येताहेत. तिथे बाप मुलाला खांद्यावर घेऊन रडत असणार. आमच्याकडे झालं असतं तेच.

मग अंतिम मालिका बघावी का? नातवाला आग्रह करू नका. 'खेळच आहे, सोडून दे' हे तर मुळीच म्हणू नका. त्याला विचारा, 'मला काही कळत नाही, समजावून देशील का?' मुलं दुःख बाजूला ठेवून शिकवायला बसतात, हे मी एकोणीस वर्षांत कितीदा पाहिलंय. आणि शिकवण्यासारखं या मालिकेत खूप आहे.

टोरोंटोसमोर आहे लॉस एंजेलिसचा संघ, डॉजर्स. पहिला सामना शुक्रवारी 24 ऑक्टोबरला टोरोंटोत. सिॲटलला संध्याकाळचे पाच, तुमच्याकडे शनिवारी पहाटेचे साधारण साडेपाच. पहिले दोन टोरोंटोत, मधले तीन लॉस एंजेलिसमध्ये, लागले तर शेवटचे दोन पुन्हा टोरोंटोत. टोरोंटोने मोसमात 94 सामने जिंकले, डॉजर्सनी 93. त्या एका विजयामुळे सातवा सामना टोरोंटोत होईल.

डॉजर्स गतविजेते, म्हणजे 2024 चे विजेते आहेत. 1998 ते 2000 सलग तीन जिंकणाऱ्या यांकीजनंतर 2024 पर्यंत कुणालाही विजेतेपद राखता आलेलं नव्हतं, ते हे करू बघतात. मागच्या फेरीत त्यांनी मिल्वॉकीला चार सामन्यांत संपवलं. मोसमात सर्वाधिक सामने जिंकलेला संघ होता तो, आणि चार सामन्यांत त्यांच्या धावा किती? चार. रोज एक. ब्लेक स्नेलने पहिल्या सामन्यात आठ इनिंगमध्ये एकच हिट दिला, योशिनोबू यामामोतोने दुसरा सामना एकट्याने पूर्ण टाकला. आणि चौथ्या सामन्यात शोहेई ओतानीने सहा इनिंग पिचिंग करून दहा स्ट्राइकआउट घेतले, शून्य धावा दिल्या, आणि त्याच रात्री बॅटने तीन होमरन मारले. एखाद्याने रणजी अंतिम फेरीत सात बळी घेऊन त्याच दिवशी शतक ठोकावं, तसं म्हणू का? तेही कमीच पडतं. इतक्या वर्षांत मी एका माणसाची एवढी मोठी रात्र पाहिलेली नाही.

पण टोरोंटो फलंदाजीत वेगळ्या घडणीचा संघ आहे. यंदा लीगमध्ये सर्वांत कमी स्ट्राइकआउट त्यांचे झाले. ते चेंडूला बॅट लावतात, फाउल करत राहतात, पिचरला दमवतात. व्लादिमीर गरेरो ज्युनियरने या प्लेऑफच्या 11 सामन्यांत सहा होमरन मारलेत. तो जन्माने कॅनडाचाच, वडील मॉन्ट्रिऑलकडून खेळत असताना झालेला. डॉजर्सची दुखरी बाजू त्यांच्या सुरुवातीच्या पिचरांनंतर सुरू होते, मधल्या इनिंग टाकणारे त्यांचे पिचर मोसमभर डळमळीत होते. शेवटी रोकी सासाकी येतो, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला मधला पूल लागतो. टोरोंटोने स्नेलला पाचव्या-सहाव्या इनिंगपर्यंत शंभर चेंडू टाकायला लावले, तर सामना त्यांच्या हातात येऊ शकतो. माझ्या मते सगळी मालिका या एका गोष्टीवर फिरेल.

विश्रांतीबद्दल बरंच बोललं जाईल. डॉजर्स 17 तारखेपासून रिकामे बसलेत. लोक 2006 च्या डेट्रॉइटचं आणि 2007 च्या कोलोरॅडोचं उदाहरण देतात: दोघांनी मागची फेरी झटपट संपवली, आठवडाभर थांबले आणि अंतिम मालिकेत हरले. फलंदाजांची लय जाते हे मी मानतो. पण पिचरांच्या खांद्याला मिळालेले सहा दिवस त्याहून मोलाचे. टोरोंटोला गॉसमन आणि शेन बीबर दोघांना सोमवारी वापरावं लागलं, त्यामुळे शुक्रवारी ट्रे येसावेज येण्याची शक्यता जास्त. वय 22, मुख्य लीगमध्ये पहिला सामना गेल्याच महिन्यात. रविवारी आमच्याविरुद्धही तोच होता. त्याचा चेंडू वरून येतो आणि प्लेटजवळ दरीत पडल्यासारखा खाली जातो. नातवाला त्याचं नाव काढलं की चेहरा पडेल, पण बघायला लावा. असा पिचर घडताना बघायची संधी वारंवार येत नाही.

माझा कल डॉजर्सकडे आहे, पण सहा-सात सामने लागतील असं वाटतं. कुणाच्या बाजूने ओरडायचं, हे सिॲटलवाल्याने स्वतः ठरवावं. 'ज्यांनी आम्हाला हरवलं तेच जिंकोत' म्हणणारे आहेत, डॉजर्सच्या पैशाचा राग असणारेही आहेत. ओतानीबद्दल मात्र दोन्ही शहरांच्या मनात जुनी कळ आहे. 2023 च्या जुलैत सिॲटलमधल्या ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, सामन्यात तो बॅटिंगला उभा राहिला, तेव्हा 'सिॲटलला ये' असा घोष सगळ्या स्टेडियमने केला होता. मीही केला. त्याच डिसेंबरात टोरोंटोत बातमी पसरली की तो कॅनडाच्या विमानात बसलाय. लोक इंटरनेटवर विमानाचा माग काढत बसले. विमान उतरलं, आत दुसराच माणूस निघाला. दुसऱ्या दिवशी ओतानीने डॉजर्सशी 10 वर्षांचा 70 कोटी डॉलरचा करार जाहीर केला. शुक्रवारी तो टोरोंटोत बॅट घेऊन उभा राहील तेव्हा जो आवाज उठेल, त्याचं कारण नातवाला विचारा. त्याला माहीत असेल.

एक वही घ्या, दोघांनीही. फलंदाजांची नावं आडवी, इनिंग उभ्या. प्रत्येकापुढे काय झालं ते एका अक्षरात लिहायचं, स्ट्राइकआउट झाला की 'के'. चिन्हं तो शिकवेल. पानाच्या कडेला दर इनिंगनंतर एक आकडा लिहा. शनिवारी पहाटे चहा हातात घेऊन फोन लावलात की त्याला पहिल्यांदा तोच विचारा: स्नेलचे आतापर्यंत किती चेंडू झाले?